तिसऱ्या मजल्यावरची हवा

पहाटेची हवा शुद्ध असते, असं मी आयुष्यभर मानत आले. कुणी सांगितलं, कुठे वाचलं, काही आठवत नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून बाहेर पडतो तो सद्गुणी आणि आठ वाजता दात घासतो त्याचं काही खरं नाही, एवढी साधी विभागणी आमच्या घरात होती. मी पहिल्या गटात होते. माझा नवरा दुसऱ्या गटात सुखाने नांदत होता आणि लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही मला त्यांना सुधारता आलं नव्हतं.

ती संधी न्यूमोनियाने दिली. मागच्या वर्षी गणपती उठले आणि यांना ताप भरला. दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा तीन जिने चढताना प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "एका फुप्फुसाला चांगलाच मार बसलाय. रोज थोडं थोडं चाला. फुप्फुसं कामात राहिली पाहिजेत." कधी चालायचं ते डॉक्टर बोलले नाहीत. ते मी ठरवलं. दिवाळीनंतर थंडी पडली, तसं मी यांना पहाटे साडेपाचला उठवायला लागले.

आमची सोसायटी कर्वेनगरात आहे. टेकडीकडून नदीकडे उतरत जाणारी एक गल्ली आहे, तिच्या अगदी खालच्या टोकाला. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर. आवारात बदामाची दोन जुनी झाडं आहेत आणि थंडीत ती इतका पाला टाकतात, की रोज झाडलं तरी ढीग उरतोच. मी सोसायटीची सेक्रेटरी. निवृत्तीनंतर वर्गावर ओरडायची सोय राहिली नाही, म्हणून मी ते पद घेतलं असं आमच्याकडे बोललं जातं, आणि त्यात फारसं खोटं नाही.

पाला जाळू नये हा नियम मला माहीत होता. पण पाल्याचं दुसरं काही करायचं म्हणजे मीटिंग घ्यावी लागते, आणि मीटिंग घेण्यापेक्षा पाला जाळणं सोपं. वॉचमन दुपारी जाळायचे तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास यायचा, तक्रार माझ्याकडे यायची. मी तोडगा काढला. जिन्याखाली माझ्या अक्षरात पाटी लागली: 'पाला पहाटे सहाच्या आत जाळावा. नंतर जाळल्यास धुराचा त्रास सभासदांना होतो आणि सभासदांचा त्रास सेक्रेटरीला होतो.' पाटीचं कौतुक झालं. एकाने तिचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. तक्रारी बंद झाल्या आणि मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला.

तर त्या हिवाळ्यात आमचा कार्यक्रम असा. मी पुढे, हे दहा पावलं मागे. कानटोपी, मफलर, स्वेटर आणि वर शाल, त्यामुळे माणूस दिसायचा कमी आणि कपडेच जास्त. गल्लीतून खाली नदीकडच्या रस्त्याला जायचं, तिथे दोन फेऱ्या मारायच्या आणि परत. हे खोकायचे. मी मागे वळून म्हणायची, "खोल श्वास घ्या. छाती भरून घ्या. ही हवा दिवसभर मिळत नाही." आणि ते बिचारे छाती भरून घ्यायचे. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते आता आठवलं, तरी माझा चेहरा गरम होतो.

डिसेंबर उजाडेपर्यंत खोकला वाढला. मी आधी केळं बंद केलं, मग दही, मग ताक, मग रात्रीचा भात. तोंडलीसुद्धा संशयावरून गेली. गरम पाणी, हळद, ओवा, सुंठ सगळं झालं. घरात खायला फारसं काही उरलं नाही आणि खोकला मात्र हटेना. शेवटी एका सकाळी फिरून परतताना हे दुसऱ्या मजल्यावर खालीच बसले. ओठ निळसर झाले होते. शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून खाली उतरवलं आणि पुन्हा दवाखाना.

पाच दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "अजून एकदा असं झालं, तर घरी ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागेल. आणि तुमचे तीन जिने विसरा." संध्याकाळी मुलाचा बंगळूरहून फोन आला. फ्लॅट विका आणि इकडे या, तळमजल्यावर घर बघतो, असं तो म्हणाला. तो प्रेमाने बोलत होता. फोन ठेवल्यावर हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. याच गॅलरीतून त्यांनी तीस वर्षं पेपर वाचता वाचता समोरच्या चौकाला नावं ठेवली होती. वाचनालय, भाजीवाला, संध्याकाळी कट्ट्यावर जमणारे चार म्हातारे, सगळं इथे पायी चालण्याच्या अंतरावर. त्यांनी फक्त विचारलं, "जिने मी चढलो तर राहता येईल ना?" मी म्हटलं, "चढाल." आणि आत येऊन पहिलं काम काय केलं, तर पहाटे साडेपाचचा गजर पुन्हा लावला. मी हटवादी आहे, मूर्ख नाही, असा माझा तेव्हापर्यंत समज होता.

तिसऱ्या दिवशी मी फाटकातून बाहेर पडतेय तोच गल्लीच्या वरच्या तोंडाशी झाडणाऱ्या ताई खाली उतरून आल्या आणि त्यांनी मला थांबवलं. या ताई आमच्या भागात वर्षानुवर्षं रस्ता झाडतात, पन्नाशीच्या असतील, त्यांच्या आधी त्यांच्या आई इथेच झाडायच्या. आमची ओळख 'बरं आहे ना' पलीकडे गेलेली नव्हती. हे मागे होते, सावकाश येत होते. ताईंनी झाडू भिंतीला टेकवला, तोंडावरचा रुमाल खाली केला आणि म्हणाल्या, "मॅडम, राग मानणार नसाल तर एक बोलू का? साहेबांना एवढ्या पहाटे बाहेर नका काढू."

"का बरं?" मी विचारलं. माझा हा 'का बरं' ऐकून पूर्वी स्टाफरूममधली माणसं चहा अर्धा टाकून उठायची.

"धूर अजून खालीच बसलेला असतो. ऊन लागल्यावर उठतो. साडेआठ, कधी नऊ होतात. तुम्ही तर यांना अजून खाली घेऊन जाता, नदीकडे. तिथे तर लईच साचतो."

मी म्हटलं, "धूर वर जातो, ताई."

"उन्हाळ्यात जातो. पावसाळ्यात पण जातो. थंडीत नाही जात." त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बोट केलं. "म्हणून तर मी थंडीत वरून सुरू करते. चैत्रापासून पुढे खालून वर झाडते, नाहीतर परतीला चढ लागतो. पण थंडीत उलटं. आईनेच सांगितलेलं, थंडीच्या दिवसांत खालच्या टोकाला घाईने जायचं नाही. तरी पोचते तेव्हा डोळे चुरचुरतातच. आणि तुमच्या इथे तर कुणीतरी रोज पाला पेटवतं."

कुणीतरी. हे तोवर येऊन पोचले होते. मी त्यांना म्हटलं, "चला, आज पुरे." ते चकित झाले, पण वळले.

आता इथे मला एक सांगितलंच पाहिजे. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला. हवामानाच्या धड्यात 'तापमानाची विपरीतता' नावाचा भाग आहे आणि तो माझा हातखंडा होता. थंडीत आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, जमीन रात्रभर उष्णता सोडून गार पडते, तिला लागलेली हवाही गार होते आणि जड असल्याने उताराने घरंगळत सखल जागी साचते. वर त्यापेक्षा उबदार हवेचा थर बसतो आणि झाकणाचं काम करतो. मग धूर, धूळ, जे काही असेल ते खाली अडकतं. उन्हाने जमीन तापली की झाकण उघडतं. मी फळ्यावर दोन डोंगर काढायची, मधे दरी, दरीत निळा खडू. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं होतं, "मॅडम, आपल्याकडे होतं का असं?" मी म्हटलं होतं, "परीक्षेला विचारत नाहीत. बसा." वर्ग हसला होता. मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी मी यांना उठवलं नाही. शाल घेऊन एकटी गच्चीवर गेले. अजून झुंजुमुंजू होतं. खाली आमच्या वॉचमननी माझ्या पाटीबरहुकूम पाला पेटवला. धूर सरळ वर आला, दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत, आणि तिथे वाकला. वाकला आणि आडवा पसरला, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते तसा. उजेड वाढला तसं दिसायला लागलं, की खालची सगळी गल्ली त्या सायीखाली आहे, नदीकडे तर दिव्याचे खांबसुद्धा अर्धेच दिसत होते. आणि माझ्या गच्चीवर, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, हवा स्वच्छ होती. टेकडीवरची झाडं एकेक मोजता आली असती.

मी कठड्याला धरून उभी राहिले. हे आत झोपले होते, चांगल्या हवेत, निवांत. आणि मी दीड महिना त्यांना रोज त्या हवेतून उठवून, कपडे चढवून, तीन जिने उतरवून धुरात नेत होते. तो धूर माझ्याच पाटीचा होता. नेऊन वर म्हणत होते, छाती भरून घ्या. मला तिथे रडू आलं. मी सहसा रडत नाही, आणि रडले तरी गच्चीवर रडत नाही, पण त्या दिवशी रडले. साडेआठला समोरच्या इमारतीवरून ऊन गल्लीत उतरलं. थर आधी हलला, मग विरळ झाला, नऊला पाहिलं तर काही नव्हतं. ताईंनी सांगितलं होतं तसंच, घड्याळ लावून.

खाली येऊन मी पाटी काढली. वॉचमननी विचारलं, "मॅडम, मग आता किती वाजता पेटवू?" मी म्हटलं, "कधीच नाही." मग ती टाळलेली मीटिंग घ्यावी लागली. बारा घरांसमोर मी सगळं सांगितलं, पाटीसकट. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, की त्यांनाही हल्ली सकाळी घसा धरल्यासारखं व्हायचं, पण पाटीच एवढी छान होती. मागच्या बाजूला खड्डा खणला, पाला त्यात जायला लागला. वॉचमनना पहाटे हात शेकायला काहीतरी हवं होतंच, त्यांच्या खोलीत एक छोटा हीटर बसवला.

हे आता साडेनऊला फिरायला निघायला लागले, तेही टेकडीच्या बाजूला. मी बरोबर चालायची, पुढे नाही. जानेवारीत खोकला उतरला. संक्रांतीनंतर त्यांनी केळं मागितलं, मी दिलं.

ताईंना मी काय द्यावं हे मला कळेना. साडी नेली तर त्या म्हणाल्या, "ही कशाला, मी काय बाळंत झालेय?" साडी त्यांनी घेतली नाही, चहा घेतला. जिन्यावर बसून चहा पिताना त्या खोकल्या आणि पहिल्यांदा मी तो खोकला नीट ऐकला. तो मला चांगला ओळखीचा होता. मी म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं." त्यांनी दोन सुट्ट्या टाळाटाळ केली, तिसऱ्या सुट्टीला आल्या. तिथे एका नळीत जोरात फुंकायचं असतं, श्वासात किती दम आहे ते यंत्र सांगतं. आधी हे फुंकले, मग ताई. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ताईंचा आकडा यांच्यापेक्षा खाली होता. हे दोनदा मरणाच्या दारात जाऊन आलेले आणि ताई रोज सहाला झाडू घेऊन उभ्या. ताई म्हणाल्या, "मला वाटायचं, सगळ्यांना थंडीत असंच होतं." डॉक्टरांनी यांच्यासारखाच श्वासातून औषध घ्यायचा पंप दिला, तो कसा ओढायचा ते यांनी त्यांना शिकवलं, फार अधिकाराने.

मग मी एक अर्ज लिहिला. ताई जिथे हजेरी लावतात त्या कोठीच्या मुकादमांना. थंडीचे तीन महिने उंचावरच्या गल्ल्या आधी झाडाव्यात आणि नदीकडच्या सखल गल्ल्या साडेआठनंतर, अशी विनंती. सोबत आकृती जोडली. तीच, जन्मभर काढलेली, पण या वेळी दरीच्या जागी आमची गल्ली होती, एका बाजूला टेकडी, खाली नदी, मधे आमची इमारत आणि दुसऱ्या मजल्यापाशी धुराची रेघ. खाली 'माहिती देणार' म्हणून ताईंचं नाव घातलं आणि 'लिहिणार' म्हणून माझं. ताई म्हणाल्या, "माझं नाव वर कशाला? तुमचं टाका, ऐकतील." मी म्हटलं, "चुकीचं मी लिहिलं होतं तेव्हाही सगळ्यांनी ऐकलं." मुकादमांनी कागद दोनदा वाचला, आकृती आडवी-उभी करून पाहिली आणि म्हणाले, "काम तेवढंच होणार ना? मग काय, आधी वरचं उरका." एवढंच. मी दोन पानांचा युक्तिवाद तयार करून गेले होते, तो पर्समध्येच राहिला.

या वर्षी पुन्हा थंडी आली. घर विकायचा विषय मुलाने काढलेला नाही, कारण दिवाळीत तो आला तेव्हा यांनी त्याची बॅग उचलून दुसऱ्या मजल्यापर्यंत नेली आणि मी ओरडले म्हणूनच खाली ठेवली. परवा फिरून आल्यावर हे तिन्ही जिने न थांबता चढले. दारात उभे राहून कुलूप उघडायची वाट बघत असताना, मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "अहो, मागच्या वर्षी मी तुम्हाला त्या धुरातून फिरवत होते, तेव्हा तुम्हाला दिसायचा का हो धूर?"

"दिसायचा की. रोज दिसायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा विषय तो. मला वाटलं, धुकं असेल."

या घरात हवेबद्दल, पावसाबद्दल, उन्हाबद्दल शेवटचा शब्द माझा, हे मीच त्यांना छत्तीस वर्षं शिकवलं होतं. डोळ्यांना धूर दिसत असताना माझ्या शब्दाखातर तो माणूस छाती भरून घेत राहिला. मी कुलूप उघडलं आणि त्यांना आधी आत जाऊ दिलं.

काल सकाळी साडेनऊला ताई गल्लीच्या खालच्या टोकाला झाडत होत्या, स्वच्छ उन्हात, रुमाल गळ्यात. मी त्यांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, "माझ्या नवऱ्याला जे बोलता आलं नाही ते तुम्ही बोललात, ताई. तुमचे उपकार कसे फेडू?" त्यांनी झाडू थांबवला.

"मॅडम, मी तरी कुठे लगेच बोलले? मला पण वाटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला माहीत असणार. महिनाभर गप्पच बसले होते. मग साहेब आठ दिवस दिसलेच नाहीत. परत दिसले ते अर्धे होऊन. तेव्हा म्हटलं, मॅडमना राग आला तर येऊ दे."